मार्शलच्या तोंडाला दिलेले श्रेय

८ डिसेंबर १९४० रोजी वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियमवर शिकागो बेअर्सने वॉशिंग्टन रेडस्किन्सला ७३-० असे हरवले. एनएफएल या अमेरिकन व्यावसायिक फुटबॉल लीगच्या अजिंक्यपदाचा तो सामना होता. साधा सामना असो की अंतिम, त्या लीगमध्ये एका संघाने एका दिवसात इतके गुण त्याआधी कधी केले नव्हते आणि त्यानंतरही केलेले नाहीत. आकडाच असा आहे की त्यामागे काहीतरी अचाट कारण असणार असे ऐकणाऱ्याला वाटते. ते कारण गेली ऐंशीहून अधिक वर्षे एकाच गोष्टीतून पुरवले जाते.

ती गोष्ट अशी. तीनच आठवड्यांपूर्वी, १७ नोव्हेंबरला, वॉशिंग्टनने बेअर्सला ७-३ असे हरवले होते. शेवटच्या क्षणी बेअर्स गोलरेषेच्या तोंडाशी पोचले होते. बेअर्सचे डाव चालवणारा क्वार्टरबॅक सिड लकमन याने धावक बिल ऑस्मान्स्कीकडे टाकलेला पास पडला. ऑस्मान्स्कीला प्रतिस्पर्ध्याने अडवून धरले होते असे बेअर्सचे म्हणणे, पण पंचांनी ते मानले नाही. बेअर्सचे खेळाडू पंचांच्या नावाने ओरडत राहिले. त्यावर वॉशिंग्टनचा मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल पत्रकारांना म्हणाला की हे रडके आहेत, कच खाणारे आहेत, यांचा दम पहिल्या अर्ध्या खेळापुरताच असतो. शिकागोचा मालक आणि प्रशिक्षक जॉर्ज हॅलस याने ती कात्रणे भिंतीवर लावली, अंतिम सामन्याआधी खेळाडूंना पुन्हा दाखवली आणि संघ पेटून उठला. पुढचे सगळे त्या रागाने केले.

या गोष्टीतल्या घटना खऱ्या आहेत. मार्शल तसे बोलला होता, कात्रणे लागली होती, खेळाडू चिडलेले होते. पण त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे, आणि तो नुसता खोटाच नाही तर अन्यायाचा आहे. ज्यांनी डोके चालवले, रात्री जागून फिल्म पाहिली, एक जुनी रचना उलगडून पुन्हा जुळवली, त्यांचे श्रेय काढून ते एका बढाईखोर मालकाच्या जिभेला दिले गेले आहे. अपमान गिळायचा, साठवायचा आणि वेळ आली की ओकायचा, म्हणजे विजय मिळतो, अशी शिकवण देणाऱ्यांना हा सामना फार सोयीचा पडतो. म्हणूनच तो त्यांच्या हातून काढून घेतला पाहिजे.

सामन्याच्या पहिल्या दोन डावांपासून सुरुवात करू. माझ्या मते सगळा निवाडा तिथेच होतो.

अमेरिकन फुटबॉल न पाहिलेल्यांसाठी दोन शब्द. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे असते. गेला तर आणखी चार प्रयत्न मिळतात, आणि असे करत प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउन, म्हणजे सहा गुण, आणि वर एका जादा गुणाची संधी. प्रत्येक प्रयत्नाआधी दोन्ही संघ समोरासमोर रांगा लावून उभे राहतात, त्यामुळे कोण कुठे उभा आहे आणि चेंडू सुटण्याच्या क्षणी कोण कुठे सरकतो, यावरच निम्मा खेळ ठरतो.

आता रागाने पेटलेला संघ पहिला डाव कसा खेळेल? थेट अंगावर जाईल, मोठा घाव घालायला बघेल. बेअर्सने काय केले? त्यांनी तपासणी केली. पहिला डाव मुख्यतः एक प्रश्न विचारण्यासाठी होता. ७-३ च्या सामन्याची फिल्म पाहताना हॅलस आणि त्याच्या सहायकांच्या लक्षात आले होते की बेअर्सचा एक धावक चेंडू सुटण्याआधी आडवा पळू लागला की वॉशिंग्टनचे लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पुढच्या रांगेमागे उभे राहणारे गडी, त्याच्या मागोमाग त्या बाजूला सरकतात आणि उलट बाजू उघडी पडते. गेल्या तीन आठवड्यांत वॉशिंग्टनने हे दुरुस्त केले आहे का, एवढेच त्या डावातून बघायचे होते. रे नोल्टिंग आडवा पळाला. लाइनबॅकर त्याच्यामागे सरकले. जॉर्ज मॅकॅफीने चेंडू घेऊन सात-आठ यार्ड काढले. यार्डांपेक्षा मोलाचे उत्तर मिळाले होते: काहीच बदललेले नाही.

दुसऱ्या डावात ऑस्मान्स्कीला डाव्या बाजूने आत घुसायचे होते. ठरलेली फट मिळाली नाही, तेव्हा तो बाहेरच्या बाजूला वळला आणि कडेने सुटला. ६८ यार्ड धावला. वाटेत वॉशिंग्टनचे दोन खेळाडू, एड जस्टिस आणि जिमी जॉन्स्टन, त्याला गाठणार असे दिसत होते. बेअर्सचा जॉर्ज विल्सन उजव्या टोकाला खेळणारा, म्हणजे या धावेच्या अगदी विरुद्ध बाजूचा माणूस. तो मैदान तिरके ओलांडून आला आणि एकाच धडकेत दोघांनाही आडवे केले. खेळ सुरू होऊन एक मिनिटही झाले नव्हते.

विल्सनची ती धडक पाहून कुणी म्हणेल, बघा, हाच तो राग. मी म्हणतो, आधी त्याची वाट पाहा. ज्याचे काम दुसऱ्या कडेला होते तो माणूस चेंडू कुठे वळेल याचा अंदाज घेऊन मैदानाच्या पार पलीकडे, नेमक्या जागी आणि नेमक्या क्षणी पोचतो. राग माणसाला समोर दिसेल त्याच्यावर नेतो. विल्सन समोरच्याला सोडून दूरच्याकडे गेला. ही सरावाने अंगात मुरलेली शिस्त होती.

आता ज्या रचनेतून हे डाव निघाले त्या 'टी' रचनेबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण रागाची गोष्ट सांगणारे तिचा उल्लेख एका वाक्यात आटोपतात. १९४० मध्ये लीगमधले बहुतेक संघ 'सिंगल विंग' पद्धतीने खेळत. त्यात चेंडू थेट काही यार्ड मागे उभ्या असलेल्या धावकाकडे उडवला जाई, आणि एका बाजूला माणसांचा जमाव करून, रेटा देऊन वाट काढली जाई. बळाचा खेळ होता तो. चेंडू कुठे आहे हे समोरच्यांना दिसत असे आणि ज्याचा रेटा जास्त तो पुढे जाई. 'टी' मध्ये क्वार्टरबॅक मध्यभागी, चेंडू सोडणाऱ्याच्या पाठीला चिकटून उभा राहतो. चेंडू हातात पडताच तो प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करून वळतो. मागे तीन धावक असतात. एकाला देतो, दुसऱ्याला दिल्यासारखे करतो, किंवा कुणालाच न देता स्वतः फेकतो. समोरच्याला एक क्षण चेंडू दिसतच नाही. पुढच्या रांगेतल्यांना प्रतिस्पर्ध्याला दूरवर ढकलत न्यावे लागत नाही, क्षणभर अडवले तरी पुरते, कारण तेवढ्यात धावक फटीतून पार झालेला असतो. त्यात तो आडवा पळणारा माणूस. कबड्डीत चढाई करणारा एका कोपऱ्याकडे झुकतो, बचाव तिकडे ओढला जातो आणि हात पडतो तो दुसऱ्याच गड्यावर, तसेच हे. फरक इतकाच की इथे झुकणारा एक आणि हात मारणारा दुसरा असतो, आणि दोघांची वेळ पळभरही चुकून चालत नाही.

'टी' ही नवी गोष्ट नव्हती. फुटबॉलच्या सर्वांत जुन्या रचनांपैकी ती एक. हॅलसने ती पहिल्यापासून धरून ठेवली होती, पण तिच्यात जीव उरला नव्हता. १९३० ते १९३२ या काळात बेअर्सचा प्रशिक्षक असलेल्या राल्फ जोन्सने तिच्यात आडवा पळणारा माणूस आणला आणि कडेचे खेळाडू लांब उभे केले. तिला खरी धार आणली ती क्लार्क शॉनेसीने. शॉनेसी शिकागो विद्यापीठाचा प्रशिक्षक होता. बचाव एका बाजूला सरकू लागला की त्याच्या सरकण्याचाच फायदा घेणारे उलट दिशेचे डाव हा त्याचा ध्यास. हॅलसने त्याला मदतीला घेतले आणि अंतिम सामन्याच्या तयारीतही तो सोबत होता.

या शॉनेसीचे १९३९ चे वर्ष रागाच्या भक्तांनी जरूर पाहावे. त्या हंगामात त्याच्या शिकागो विद्यापीठाच्या संघाला मिशिगनने ८५-० असे हरवले. हार्वर्डने ६१-० असे हरवले. हंगाम संपताच विद्यापीठाने फुटबॉल संघच बंद करून टाकला. आता त्या मुलांच्या मनात काय चालले असेल याचा विचार करा. एका शनिवारची फजिती पुढच्या शनिवारी त्यांच्या पाठीवर बसलेली. अपमान हेच इंधन असेल तर शिकागो विद्यापीठाचा संघ त्या वर्षी अमेरिकेत सर्वांत वेगवान असायला हवा होता. तो तसा नव्हता, कारण त्याच्याकडे दमदार खेळाडू नव्हते. पुढच्याच वर्षी शॉनेसी स्टॅनफर्डला गेला. आदल्या हंगामात स्टॅनफर्डने एकच सामना जिंकला होता. शॉनेसीने त्यांना 'टी' शिकवली आणि ते एकही सामना हरले नाहीत. १ जानेवारी १९४१ ला रोझ बोल या कॉलेज फुटबॉलच्या मानाच्या सामन्यात त्यांनी नेब्रास्काला २१-१३ असे हरवले. कॅलिफोर्नियातल्या त्या मुलांना कुठल्या मालकाने रडके म्हटले होते? कुणीच नाही.

दुसरा माणूस लकमन. ब्रुकलिनचा, कोलंबिया विद्यापीठातून आलेला. कॉलेजात तो सिंगल विंगमध्ये मागे उभा राहून खेळलेला होता. 'टी' मध्ये त्याला सगळे नव्याने शिकावे लागले: चेंडू हातात घेऊन पाठ वळवायची कशी, कुठल्या पायावर फिरायचे, कुणाच्या पोटाशी चेंडू नेऊन परत ओढायचा. त्या काळी बाजूला उभ्या प्रशिक्षकाने डाव सांगणे नियमबाह्य होते. डावांची निवड मैदानात उभ्या क्वार्टरबॅकनेच करायची. म्हणजे ग्रिफिथ स्टेडियममध्ये ३६ हजार प्रेक्षकांच्या गोंगाटात बचाव वाचून पुढचा डाव ठरवण्याचे काम चोवीस वर्षांच्या लकमनचे होते. असल्या कामात डोक्यात राख घालून घेतलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो.

यावर एक समजूतदार वाटणारा आक्षेप येतो. रचना, अभ्यास सगळे मान्य, पण त्याने सामना २८-० होईल, ७३-० कसा होईल? मधल्या पंचेचाळीस गुणांसाठी काहीतरी वेगळे लागते, तोच राग. हा आक्षेप घेणाऱ्यांनी तिसरा क्वार्टर, म्हणजे सामन्याच्या चार भागांपैकी मध्यंतरानंतरचा पहिला, पाहिलेला नाही.

मध्यंतराला खरोखरच २८-० होते. ऑस्मान्स्कीनंतर लकमनने स्वतः चेंडू गोलरेषेपलीकडे नेला होता, जो मनियाची ४२ यार्ड धावला होता, आणि लकमनच्या पासवर केन कॅव्हनॉने चौथा टचडाउन केला होता. अठ्ठावीस गुणांनी मागे पडलेल्या संघाला धावून हळूहळू पुढे जाणे परवडत नाही. वेळ पुरत नाही. पास टाकावेच लागतात, आणि तेही लांब. समोरच्यालाही हे माहीत असते, त्यामुळे तो पासचीच वाट बघत उभा राहतो. वॉशिंग्टनने त्या दिवशी ५१ पास टाकले. बेअर्सने फक्त १०. त्या ५१ पैकी आठ बेअर्सने मधल्या मध्ये पकडले.

उत्तरार्ध सुरू होऊन काही क्षण झाले असतील नसतील, तेवढ्यात बेअर्सच्या हॅम्प्टन पूलने वॉशिंग्टनच्या सॅमी बॉचा पास पकडला आणि थेट गोलरेषा ओलांडली. त्याच क्वार्टरमध्ये मॅकॅफीने एक पास पकडून ३४ यार्डांवरून टचडाउन केला. बुलडॉग टर्नरनेही एक पास पकडून तेच केले. तिसऱ्या क्वार्टरमध्ये बेअर्सने २६ गुण केले. त्यांतला फक्त नोल्टिंगचा एक टचडाउन बेअर्सच्या आक्रमणाने मिळवलेला आहे. बाकीचे तीन वॉशिंग्टनच्या हातून सुटलेल्या चेंडूंवर झाले. पिछाडी पडली म्हणून पास, पास टाकले म्हणून चेंडू गेला, चेंडू गेला म्हणून पिछाडी आणखी वाढली. या चक्राला रागाची गरज नसते, पहिला धक्का बसला की ते आपोआप फिरते.

यात आणखी एक गोष्ट आहे जी कथाकार कधीच सांगत नाहीत. त्या सामन्यात दोन्ही संघांनी दहा-दहा यार्डांचे टप्पे किती वेळा पार केले याची नोंद आहे. बेअर्स १७. वॉशिंग्टनही १७. म्हणजे शून्यावर राहिलेला संघ ७३ वाल्यांइतकाच वेळा पुढे सरकत होता. वॉशिंग्टनने हातपाय गाळले असे नंतर त्यांचाच मालक म्हणाला. या नोंदीपुढे ते टिकत नाही. हातपाय गाळलेला संघ सतरा वेळा दहा यार्ड पार करत नाही.

त्या काळी तेच खेळाडू आक्रमण करत आणि तेच बचावाला उभे राहत, हेही विसरू नये. टर्नर मध्यभागी चेंडू सोडायचा आणि बचावाच्या वेळी लाइनबॅकर व्हायचा. डिक प्लासमन नावाचा बेअर्सचा गडी तर हेल्मेटशिवाय खेळायचा. लीगमध्ये असे खेळणारा तो शेवटचा. ही माणसे साठ मिनिटे धडका घेत होती. इतका वेळ राग टिकत नाही. पहिल्या दहा मिनिटांत तो घामाबरोबर वाहून जातो आणि मग उरते ती सवय आणि समज.

आता बॉने सामन्यानंतर दिलेल्या एका उत्तराविषयी. सॅमी बॉ त्या काळचा सर्वोत्तम फेकणारा. सामना ७-० असताना वॉशिंग्टनने जोरदार परतफेड सुरू केली होती. मॅक्स क्राउसने चेंडू खूप पुढे आणला, आणि बॉचा गोलरेषेजवळचा एक पास चार्ली मलोनच्या हातून निसटला. तो झेलला असता तर काय झाले असते, असे नंतर बॉला विचारले. तो म्हणाला, मग ७३-७ झाले असते. हे उत्तर विनोद म्हणून सांगितले जाते. मला ते त्या दिवसाचे सर्वांत प्रामाणिक विश्लेषण वाटते. बॉने आपल्या सहकाऱ्यावर खापर फोडले नाही, पंचांवर नाही, नशिबावरही नाही. समोरच्याकडे आपल्या बचावाचे उत्तर होते आणि आपल्याकडे त्यांच्या आक्रमणाचे नव्हते, एवढेच त्याने दोन आकड्यांत सांगितले. त्याने शिकागोच्या रागाचा उल्लेख केला नाही. ज्याने तो राग समोर उभे राहून झेलला त्याला तो मोजण्यासारखा वाटला नाही, तर आपण तो का मोजायचा?

आणखी दोन एकतर्फी अंतिम सामने समोर ठेवतो. १९५४ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सने डेट्रॉइट लायन्सला ५६-१० असे हरवले. ऑटो ग्रॅहॅमने तीन टचडाउन पासवर दिले आणि तीन स्वतः धावून केले. लायन्सच्या बॉबी लेनचे सहा पास ब्राउन्सने पकडले. एक आठवडा आधी याच लायन्सने ब्राउन्सला १४-१० असे हरवले होते. नकाशा ओळखीचा वाटतो ना? आधी थोडक्यात गमावलेला सामना, त्यातून मिळालेली माहिती, लवकर घेतलेली आघाडी, मग मागे पडलेल्याचे पास आणि त्यांची लूट. १९६१ मध्ये ग्रीन बे पॅकर्सने न्यूयॉर्क जायंट्सना ३७-० असे गारद केले. तिथे तर जुना हिशेबही नव्हता. आदल्या वर्षी पॅकर्सना अंतिम सामन्यात हरवले होते ते फिलाडेल्फियाने. जायंट्सवर सूड उगवायचे काही कारणच नव्हते, तरी त्यांना एक गुण मिळू दिला नाही.

रागाच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे एक चांगला मुद्दा आहे आणि तो टाळून जाणे बरे नाही. तो म्हणजे १९४२. त्या वर्षी बेअर्स अकराच्या अकरा सामने जिंकून अंतिम फेरीत आले, आणि ग्रिफिथ स्टेडियममध्येच वॉशिंग्टनने त्यांना १४-६ असे हरवले. वॉशिंग्टनचा प्रशिक्षक रे फ्लॅहर्टी याने त्या दिवशी फळ्यावर फक्त ७३-० एवढेच लिहिले होते असे सांगतात. घ्या, अपमानाचे इंधन इथे चालले की नाही?

मी उलट विचारतो. १९४० मध्ये बेअर्सना काय सोसावे लागले होते? पंचांचा एक निर्णय आणि मालकाची चार वाक्ये. वॉशिंग्टनला काय सोसावे लागले? स्वतःच्या प्रेक्षकांसमोर अकरा टचडाउन. त्याच दुपारी पुढच्या हंगामाची तिकिटे विक्रीला आहेत अशी घोषणा ध्वनिक्षेपकावरून झाली तेव्हा त्यांच्याच माणसांनी हुर्यो उडवली होती. अपमानाचे वजन करायचे तर वॉशिंग्टनचे पारडे कितीतरी जड. एवढ्या जड अपमानाने आठ गुणांचा विजय मिळाला आणि चार वाक्यांनी ७३ गुणांचा? मग हे इंधन कसले? १९४२ चा विजय वॉशिंग्टनच्या बचावाने मिळवला, आणि तेव्हा हॅलस नौदलात गेलेला होता. त्याच्या पुढच्या वर्षी हेच दोन संघ पुन्हा अंतिम सामन्यात भेटले तेव्हा लकमनने पाच टचडाउन पास टाकले आणि बेअर्स ४१-२१ ने जिंकले.

या गोष्टीचा मला सर्वांत जास्त खटकणारा भाग म्हणजे तिने मार्शलला दिलेले स्थान. ७३-० ची आठवण निघाली की पहिले नाव त्याचे येते. तो बोलला म्हणून हे घडले, असे म्हणणे म्हणजे त्याला या सामन्याचा अर्धा कर्ता करणे. लॉन्ड्रीच्या धंद्यात पैसे कमावलेला, बँड आणि तमाशाची हौस असलेला हा मालक होता. १९३४ पासून १९४५ पर्यंत या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, हे त्या काळच्या सगळ्या मालकांचे पाप. पण बाकीच्यांनी युद्धानंतर दारे उघडली तरी मार्शलने आपले दार १९६२ पर्यंत बंद ठेवले. सरकारी जागेवरच्या स्टेडियमचा वापर बंद होईल अशी तंबी केनेडी सरकारने दिली तेव्हाच त्याने ते उघडले. त्याच्या तोंडाला अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासात कसलीही निर्मिती करता आलेली नाही. ७३-० ची निर्मिती तर नाहीच.

एक छोटा आरोप हॅलसवरही होतो. रागाच्या भरात त्याने पडलेल्या संघाला तुडवत ठेवले, असा. पण लकमनचे त्या दिवसाचे काम मुख्यतः पहिल्या अर्ध्यातच संपले होते आणि नंतर हॅलसने राखीव गडी उतरवले. टचडाउन करणारी दहा वेगवेगळी माणसे होती. एकट्या हॅरी क्लार्कने दोन केले. जादा गुणासाठी लाथाडलेले चेंडू प्रेक्षकांत जाऊन परत येईनात, तेव्हा पंचांनी आता लाथ मारू नका अशी विनंती केली आणि बेअर्सने ती मानली. शेवटचे जादा गुण त्यांनी पासवर करून पाहिले, त्यांतला एक साधला आणि एक हुकला. चेंडू वाचवण्यासाठी गुणावर पाणी सोडायला तयार झालेला संघ सुडाने आंधळा झाला होता असे कसे म्हणायचे?

आणि शेवटी, लीगमधल्या इतर संघांनी या सामन्यातून काय घेतले ते पाहू. ते प्रेक्षक नव्हते, त्यांची पोटे या खेळावर होती. म्युच्युअल ब्रॉडकास्टिंगने २,५०० डॉलर मोजून हक्क घेतले होते आणि रेड बार्बरच्या आवाजात हा सामना १२० रेडिओ केंद्रांवरून देशभर गेला होता. त्यामुळे काय झाले ते सगळ्यांच्या कानांवर होते. कुणीही आपल्या खेळाडूंना शिव्या खायला पाठवले नाही, कात्रणांचा साठा केला नाही. त्यांनी 'टी' शिकायला सुरुवात केली. पुढच्या दहा-बारा वर्षांत एकेक संघ तिच्याकडे वळला. पिट्सबर्ग स्टीलर्स सर्वांत उशिरा, १९५२ मध्ये. खुद्द मार्शलनेही तेच केले. १९४४ मध्ये त्याने आपल्या संघासाठी सल्लागार म्हणून क्लार्क शॉनेसीला बोलावले. तिशीत पोचलेल्या सॅमी बॉला पुन्हा शिकाऊ होऊन पाठ वळवायला आणि पाय फिरवायला शिकावे लागले, आणि सुरुवातीला त्याला ते फार जड गेले. १९४५ च्या हंगामात त्याने १८२ पैकी १२८ पास अचूक पोचवले. शेकडा सत्तरच्या वरचा तो विक्रम पुढे १९८२ पर्यंत कुणाला मोडता आला नाही.